द्राक्षाएवढी गाठ

अर्ध्या गावाला गाडी शिकवलेल्या माणसाच्या मनात माणूसजातीबद्दल आदर उरणं अवघडच. बाईंच्या मनात तो उरला नव्हता. शेजारच्या सीटवर बसून, पायाखाली जादा ब्रेक घेऊन त्यांनी वकील पाहिले, प्राध्यापक पाहिले, बँकेतले मोठे साहेब पाहिले. आणि स्टिअरिंग हातात आलं की यातला एकेक जण कसा घामाघूम होतो, चौकात गाडी बंद पडली की कसा मागच्यावरच खेकसतो, हेही पाहिलं. त्यामुळे कोणी कितीही मोठा असो, बाईंना तो क्लच सोडताना कसा दिसेल तेच आधी दिसायचं. लोक त्यांना ड्रायव्हिंगवाल्या बाई म्हणत. पाठीमागे आणखीही काही म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

पोटात उजवीकडे दुखायला लागलं तेव्हा बाईंनी आधी त्या दुखण्यालाच बिनडोक ठरवलं. मग मुलीने हट्ट धरला म्हणून सोनोग्राफीला गेल्या. तिथला डॉक्टर हसतमुख होता. एका हाताने पोटावर यंत्राची मूठ फिरवत आणि दुसऱ्या हाताने फोन कानाशी धरत तो कुणाला तरी सुट्टीत कुठलं हॉटेल चांगलं ते सांगत होता. पित्ताशयात खडे निघाले. "हेच दुखतंय तुमचं," तो म्हणाला. मग मूठ बाजूला सरकली आणि तिथेच थांबली.

"श्वास धरा हं." त्याने फोन खाली ठेवला. "उजव्या मूत्रपिंडावर एक पांढरीशी गाठ दिसतेय. लहान आहे, द्राक्षाएवढी. बहुधा चरबीची असेल. पण एकदा सीटी स्कॅन करून घ्या."

या चार वाक्यांतलं बाईंनी फक्त एक उचललं: चरबीची. घरी येताना त्या मुलीला म्हणाल्या, "साठी उलटल्यावर चरबी काय फक्त कमरेवरच बसायची? आत कुठे जागा मिळाली तिथे बसली."

पण बातमी घरात शिरली होती, आणि बातमीपाठोपाठ मामा शिरला. हा बाईंचा धाकटा भाऊ. मुलीचा मामा म्हणून सगळ्या घराचाच मामा झालेला. मामाला जगातलं सगळं माहीत होतं. पूल का कोसळतात, सरकारं का पडतात, टोमॅटो का सडतात, सगळ्याचं कारण त्याच्या खिशात तयार असायचं. आयुष्यभर त्याने पडद्यांचं कापड विकलं होतं; पण उंटावरून शेळ्या हाकायला अनुभव लागतो असं कुणी म्हटलंय?

"ताई, गाठ म्हणजे गाठ," मामा सोफ्यावर पसरत म्हणाला. "लहान-मोठी असा प्रश्नच नाही. माझ्या ओळखीतल्या एकाला..."

"तुझ्या ओळखीतले सगळे मेलेलेच कसे असतात रे?" बाई म्हणाल्या. "तुझी ओळख टिकवायची म्हणजे जिवावरचंच काम दिसतंय."

जावयाने तेवढ्यात मोबाईल काढला होता. जावई बॅडमिंटन खेळायचा, आणि त्याच्याबरोबर एक मोठा सर्जन खेळायचा. त्या सर्जनचं नाव निघालं की जावयाचा चेहरा असा उजळायचा की जणू ऑपरेशनं हाच करतो. "आई, तुम्ही काही काळजी करू नका. मी बोललोय. उद्याच जायचं."

बाईंना कुणी विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी सगळी वरात त्या हॉस्पिटलात गेली.

हॉस्पिटल कसलं, दिवाणखानाच होता तो. बाहेर कारंजं, आत काचेच्या पेटीत मासे. खुर्च्या इतक्या मऊ की आजारी माणसाला उठताना दोघांची मदत लागावी. भिंतीवर सर्जनचे फोटो: हा सर्जन कुणाशी हात मिळवताना, हा रिबीन कापताना, हा टोपी घालून मॅरेथॉन पळताना. "ऑपरेशन करतानाचा एकही नाही," बाई मुलीच्या कानात म्हणाल्या. "त्या वेळी कोण करतं कोण जाणे."

स्कॅन झटपट झाला. सुई टोचली, औषध गेलं, बाई यंत्रात गेल्या, बाहेर आल्या. तंत्रज्ञ घड्याळाकडे बघत होता आणि बाहेर पुढचा पेशंट कपडे बदलून उभा होता. रिपोर्ट हातात पडेपर्यंत मामाने कॅन्सरवर एक अख्खं व्याख्यान उरकलं, आणि शेजारच्या खुर्चीवरची एक म्हातारी जागा बदलून लांब जाऊन बसली.

सर्जनच्या टेबलावर मूत्रपिंडाचा एक प्लास्टिकचा नमुना होता. तो त्याने पेपरवेटसारखा फिरवत ठेवला होता. स्कॅनच्या चित्रांची सीडी पाकिटातच राहिली. त्याने फक्त कागदावरची शेवटची ओळ वाचली.

"काढून टाकू," तो म्हणाला.

"गाठ?" मुलीने विचारलं.

"किडनी. अख्खी. कटकटच नको. दोन असतात हो माणसाला, एकावर आरामात चालतं."

"गाडीला दोन्ही बाजूंना आरसे असतात," बाई म्हणाल्या, "म्हणून एकाला डाग पडला की उपटून टाकता का तुम्ही?"

सर्जन हसला. जावईही हसला, कारण सर्जन हसला होता. "मॅडम विनोदी आहेत," सर्जन त्याला म्हणाला, बाई जणू खोलीत नव्हत्याच. "पुढच्या आठवड्यात घेऊ. नंतर मी बाहेरगावी आहे."

"गाठ कसली आहे ते तरी कळलंय का?" मुलीने विचारलं.

"काढल्यावर कळेलच की."

बाई उठल्या. त्या मऊ खुर्चीतून एकट्याने उठणं सोपं नव्हतं, पण रागाने माणसाला बळ येतं. गाडीत बसल्यावर त्यांनी निकाल देऊन टाकला. "चरबी आहे. पहिला म्हणाला होता तेच खरं. या उतावळ्या नवऱ्याला गुडघ्याला बाशिंग बांधून कुठेतरी पळायचंय, त्याच्यासाठी मी माझा अवयव देणार नाही. विषय संपला."

"आई, त्यांच्याकडे लांबलांबून लोक येतात," जावई म्हणाला.

"माश्याही येतात. कशावर येतात ते सांगू?"

विषय संपला असता. पण मागच्या सीटवर मुलगी रडत होती. आवाज न करता, खिडकीकडे तोंड करून. बाईंनी आरशात पाहिलं. मुलीचं रडणं ही एकच गोष्ट अशी होती की जिच्यावर बाईंना टोमणा सुचत नसे.

"निदान ज्यांना चित्रं वाचता येतात त्यांना तरी दाखवू," मुलगी म्हणाली. "जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात एक डॉक्टरबाई आहेत. त्यांचं कामच ते आहे. एवढंच कर, मग मी काही बोलणार नाही."

सरकारी दवाखान्यात मासे नव्हते. भिंतीचा रंग खांद्याच्या उंचीपर्यंत माणसांनी टेकून टेकून काळा केला होता. स्कॅनिंगच्या विभागाबाहेर बाकडं होतं, त्यावर बसायला जागा नव्हती. अखेर नाव पुकारलं गेलं आणि सगळे एका अंधाऱ्या खोलीत शिरले. संगणकाचे दोन मोठे पडदे, त्यांच्या उजेडात एक बारीक चणीची बाई, चष्मा नाकावर घसरलेला.

तिने वर पाहिलं आणि तिचा हात माऊसवरच थिजला.

"बाई?"

बाईंनीही ओळखलं. ही तर भित्री!

कॉलेजात असताना ही मुलगी त्यांच्याकडे गाडी शिकायला यायची. शिकायला म्हणजे काय, रस्ता अडवायला. वळण आलं की थांबायची. उजवीकडे बघायची, डावीकडे बघायची, परत उजवीकडे. तोवर रस्ता मोकळा असायचा तो भरायचा. मागे हॉर्नची जत्रा लागायची. परीक्षेत नापास झाली, परत बसली, परत नापास झाली. शेवटी बाईंनीच तिला सांगितलं होतं, "तुला देवाने पाय चांगले दिलेत. चालत जात जा." भित्री हे नावही बाईंनीच ठेवलेलं, आणि ते सगळ्या बॅचने उचललं होतं.

आणि आता आपलं मूत्रपिंड हिच्या हातात! बाईंना सर्जनचे मासेसुद्धा बरे वाटायला लागले.

भित्रीने सीडी लावली. पोटाचे करडे काप पडद्यावर वर-खाली सरकू लागले. ती बघत राहिली. पुढे गेली, मागे आली, परत पुढे. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मामाने घसा खाकरला. जावयाने मोबाईल पाहिला. बाईंचा पाय आपोआप, नसलेल्या ब्रेकवर दाबला जात होता.

"मला सांगता येत नाही," शेवटी भित्री म्हणाली.

"वा!" बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं शिकलीस ते हे सांगायला?"

"मी सांगतो," मामा पुढे सरसावला.

"तू गप बस."

भित्रीचा चेहरा लाल झाला होता, पण तिने पडद्यावर बोट ठेवलं. "ही गाठ. इथे उजळ दिसतेय. पण ही सगळी चित्रं रंगाचं औषध टोचल्यानंतरची आहेत. त्याआधीचं एकही नाही. मग औषधामुळे उजळली की मुळातच तशी होती, कसं कळणार? चरबी असेल तर ती काळपट दिसायला हवी, ही तुमच्या कातडीखाली दिसतेय ना, तशी. मला दिसत नाहीये. पण काप जाड घेतलेत. थोडीशी चरबी असली तर अशात लपून जाते."

"पहिल्या डॉक्टरांनी चरबीच सांगितलीये," बाई ठणकावून म्हणाल्या.

"सोनोग्राफीत चरबी पांढरी दिसते, खरंय. पण काही लहान कॅन्सरही पांढरे दिसतात, बाई."

तो शब्द आतापर्यंत घरात मामाने शंभरदा उच्चारला होता. तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं. मामाच्या तोंडी कुठलाही शब्द हलकाच व्हायचा. भित्रीने तो हळू आवाजात, जमिनीकडे बघत म्हटला, आणि जावयाने मोबाईल खिशात टाकला.

"परत स्कॅन करावा लागेल. बारीक कापांचा. एकदा औषधाआधी, एकदा नंतर, आणि थोडं थांबून पुन्हा एकदा. त्याआधी रक्त तपासू, मूत्रपिंडांना औषध झेपेल ना ते बघायला."

"म्हणजे परत रांग," जावई पुटपुटला.

"तुला कुठे आत झोपायचंय?" बाई त्याच्यावर खेकसल्या. खरं तर त्यांना भित्रीवर खेकसायचं होतं. पण कशासाठी, ते नेमकं सुचेना.

स्कॅनचं टेबल थंडगार होतं. कुठूनतरी यंत्राचा आवाज सांगत होता: श्वास घ्या, रोखून धरा, सोडा. जन्मभर दुसऱ्यांना "दाब, सोड, दाब" म्हणणाऱ्या बाई निमूट हुकूम पाळत पडून होत्या. औषध गेलं तशी अंगातून गरम लाट उतरली, थेट खालपर्यंत. आपल्याला कपड्यातच झाली अशी बाईंची खात्री पटली आणि त्या शरमेने डोळे मिटून पडल्या. बाहेर आल्यावर तिथली सिस्टर म्हणाली, "सगळ्यांना असंच वाटतं, आजी. काही झालेलं नसतं." बाईंना कुणी आजी म्हटलं की त्या त्याचा तिथल्या तिथे समाचार घेत. त्या दिवशी त्यांनी सिस्टरला सोडून दिलं.

निकालाच्या दिवशी बाईंनी मामाला आणि जावयाला बाहेर बाकड्यावर बसवलं. आत फक्त मुलगी आली.

भित्रीने तीन चित्रं शेजारी शेजारी लावली होती. गाठीवर तिने माऊसने एक छोटं वर्तुळ काढलं, बाजूला आकडा उमटला. "किती काळं, किती पांढरं, ते हा आकडा सांगतो. पाणी शून्याजवळ येतं. चरबी शून्याच्याही खाली जाते. मी या गाठीत जागोजागी मोजलं. एकदाही खाली गेला नाही." मग दुसऱ्या चित्रावर वर्तुळ. आकडा चढला होता, चांगलाच. "आणि औषध दिल्यावर हा असा वर गेला. म्हणजे हिला रक्त मिळतंय. ही चरबी नाही, बाई. पाण्याची पिशवीही नाही. जिवंत वाढ आहे."

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. एवढीशी ती गाठ, मूत्रपिंडाच्या कडेला चिकटलेली, भाडं न भरता घुसलेल्या भाडेकरूसारखी. आत्तापर्यंत ती चरबी होती आणि सगळं जग मूर्ख होतं. आता जग होतं तिथेच होतं, आणि मूर्खांच्या रांगेत बाईंनाही जागा मिळाली होती. वर त्या रांगेत सर्जनच्या मागे उभं राहायचं, हे जास्त झोंबत होतं.

पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते बाईंनी शेकडो लोकांच्या तोंडावर पाहिलं होतं आणि त्यांना मनसोक्त हसून घेतलं होतं. आता पाळी त्यांची होती. मुलीने हात धरला. बाईंनी तो झटकला नाही.

"म्हणजे कॅन्सर," त्या म्हणाल्या.

"असेल. नसेलही. काही निरुपद्रवी गाठीही अगदी अश्शाच वागतात. नुसत्या चित्रावरून सांगता येत नाही."

"परत सांगता येत नाही!" बाई भडकल्या. भीतीला वाट मिळाली ती रागाची. "गेल्या वेळीही तेच! एक धड वाक्य बोलता येत नाही तुला? तो मासेवाला निदान एका दमात बोलला तरी!"

भित्रीने चष्मा काढला. "बोलला असेल. जे मला दिसत नाही ते मी बोलणार नाही, बाई. तुम्ही ओरडलात तरी नाही. जे दिसतंय ते सांगते. गाठ बाहेरच्या कडेला आहे. मोठ्या रक्तवाहिन्यांपासून लांब. वाईट निघाली तरी तेवढीच काढता येईल. मूत्रपिंड वाचेल. ते अख्खं काढायला मला तरी कारण दिसत नाही. आधी सुईने तुकडा घेऊन तपासू. त्यात कळलं तर कळलं."

बाईंना आयुष्यात असं उलट बोलणारं माणूस क्वचित भेटलं होतं. त्यांनी पडद्यावरची गाठ परत एकदा बघितली. मग म्हणाल्या, "सुई कोण टोचणार?"

"मीच."

"हात थरथरतोय तुझा."

"तुम्ही ओरडल्यावर थरथरतो. तेव्हा त्या दिवशी ओरडू नका."

बाई ओरडल्या नाहीत. पालथ्या पडून त्यांनी उशी दातांत धरली. भित्री पडद्याकडे बघत सूतसूतभर सुई सरकवत होती आणि मधेच थांबत होती. त्या थांबण्यात बाईंना मनातल्या मनात सगळ्या शिव्या आठवल्या. पण दुखलं कमी, आणि संध्याकाळी लघवीतून रक्तही आलं नाही.

तुकड्याचा निकाल आला: कॅन्सर. लहान, फारसा आक्रमक नसलेला, पण कॅन्सरच.

ही बातमी जावयाच्या बॅडमिंटनमार्गे सर्जनकडे पोचायला वेळ लागला नाही. त्याचा फोन आला. जावयाने मोठ्या आदराने फोन बाईंच्या हातात दिला.

"मी म्हणालो होतो ना, मॅडम?" सर्जन म्हणाला. "अनुभव असतो आमचा."

"कावळा बसायला आणि फांदी तुटायला," बाई म्हणाल्या. "कावळ्याने त्याचं श्रेय घेतलेलं मी पहिल्यांदाच बघतेय. आणि अख्खं झाड तोडायला निघाला होतात, ते विसरलात वाटतं?" त्यांनी फोन जावयाकडे परत दिला. जावयाचा चेहरा पडद्याच्या धुतलेल्या कापडासारखा झाला होता. त्यानंतर घरात बॅडमिंटनचा विषय निघाला नाही.

ऑपरेशन सरकारी दवाखान्यातच झालं. तिथला सर्जन इतका कमी बोलायचा की तो आपल्यावर नाराज आहे असं बाईंना वाटायचं. ऑपरेशनच्या आधी तो भित्रीच्या अंधाऱ्या खोलीत बसून चित्रं बघत होता, हे मुलीने दारातून पाहिलं. दोघं काहीतरी बोटाने दाखवत होते. गाठ आणि तिच्याभोवतीची थोडी कड निघाली. त्याच वेळी पित्ताशयाचंही काम उरकलं. मूत्रपिंड जागेवर राहिलं. कडा स्वच्छ आहेत, त्या कमी बोलणाऱ्या माणसाने सांगितलं. अधूनमधून स्कॅन करत राहायचं, एवढंच.

भेटायला येणाऱ्यांनी मात्र बाईंचा जीव खाल्ला. प्रत्येकाला एक सल्ला आणि एक मेलेला नातेवाईक सांगायचा होता. एकाने कच्च्या भाज्यांचा रस आणला. एकजण म्हणाली, रागामुळे गाठी होतात. "मग तुमच्या भेटीने आणखी दोन होतील," बाई म्हणाल्या, आणि ती बिचारी चहा न पिताच गेली. भित्री राउंडच्या वेळी दारात येऊन उभी राहिली, आत यावं की नाही अशी. बाईंनी खुर्चीकडे मान हलवली. "लायसन काढलंस का गं पुढे?" बाईंनी विचारलं. "नाही. बसने येते," ती म्हणाली. "बरं करतेस," बाई म्हणाल्या. त्यात टोमणा होता की नाही हे भित्रीला कळलं नाही. बाईंनाही नीटसं कळलं नाही.

आणि मग मामा आला. एरवी दारातूनच सुरू होणारा मामा त्या दिवशी गप्प होता. काखेत सर्जनच्या हॉस्पिटलचं चकचकीत पाकीट. ताईला कॅन्सर निघाला म्हणून त्याने गुपचूप जाऊन सगळ्या अंगाची तपासणी करून घेतली होती. हात दाखवून अवलक्षण! त्याच्याही मूत्रपिंडावर काहीतरी गोल दिसलं होतं.

"ताई," तो म्हणाला आणि त्याने पाकीट पुढे केलं. तो घामेजला होता. बाईंना त्याला शंभर गोष्टी ऐकवता आल्या असत्या. आयुष्यभर वाट पाहिलेला क्षण होता तो. पण खुर्चीच्या टोकावर बसलेला हा जाडा, घाबरा म्हातारा लहानपणी पाण्याला भ्यायचा तस्साच दिसत होता. बाईंनी मुलीला हाक मारली. "याला खाली त्या अंधाऱ्या खोलीत ने. माझं नाव सांग. आणि तिला घाई करू नकोस म्हणावं."

मामा परत आला तेव्हा चालण्यात जीव आला होता. साधी पाण्याची पिशवी होती ती, पातळ भिंतीची, औषध टोचूनही आकडा पाण्याचाच दाखवणारी. या वयात कित्येकांना असते. काही करायचं नाही, घरी जा, असं तिने सांगितलं होतं.

चहा येईपर्यंत शेजारच्या पलंगावरच्या पेशंटचे दोन भाचे मामाभोवती जमले होते. "गाठ आणि पिशवी यांत मूलभूत फरक असतो," मामा त्यांना समजावत होता. "मुख्य म्हणजे भिंत बघायची. भिंत! डॉक्टरांनाही पुष्कळदा कळत नाही. मी आमच्या ताईला पहिल्या दिवशीच म्हणालो होतो..."

बाईंनी पोटावर दोन्ही हात घट्ट दाबून धरले आणि तोंड भिंतीकडे वळवलं. टाके ओले होते. हसणं परवडणारं नव्हतं.